बीएडची पोरं शाळेत आली की…

मागच्या अंकात एका उत्तरात मी लिहिलं होतं की बीएडच्या इंटर्नशिपची, म्हणजे शाळेत येऊन शिकवायचा सराव करणारी मुलं (छात्राध्यापक) सांभाळणं एकट्या-दुकट्या शाळेचं काम नाही, शेजारपाजारच्या चार-पाच माध्यमिक शाळांनी मिळून ते करायला पाहिजे. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून सांगितलंय, त्यामुळे कुणाचंच छापत नाही, शाळा-कॉलेजांचीही नाही.

प्रश्न : ताई, आमची शाळा पाचवी ते दहावी, पट साडेसहाशेच्या आसपास. यंदा दोन बीएड कॉलेजांची पत्रं आलीत, दोन्हीकडचे मिळून २२ छात्राध्यापक घ्या म्हणतायत. मागच्या वर्षी स्टाफ पार वैतागला होता, स्टाफरूममध्ये बसायला जागा नाही, कोण कुठल्या वर्गावर आहे पत्ता नाही. सरळ नाही म्हणावं वाटतंय पण दोन्ही प्राचार्य ओळखीचे आहेत. काय करू?
(मुख्याध्यापिका, जुळे सोलापूर)

मॅडम, आधी आकड्याचं सांगते कारण निम्मी अडचण तिथंच सुटते. एनसीटीई म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी केंद्रीय परिषद, तिच्या २०१४ च्या नियमांत स्पष्ट आहे की हजारापर्यंत पट असलेल्या शाळेला १० पेक्षा जास्त आणि दोन हजारापर्यंत पट असलेल्या शाळेला २० पेक्षा जास्त छात्राध्यापक जोडायचे नाहीत. तुमचा पट साडेसहाशे, म्हणजे २२ चा विषयच संपला. तसं पत्रात लिहून द्या, नियमाचा आधार असला की ओळखीत वाईटपणा येत नाही, प्राचार्यांनाही वर सांगायला सोपं जातं.

पण नाही म्हणू नका हो. कारण ही २२ जणं कुठल्या ना कुठल्या शाळेत जाणारच आहेत, आणि दोन-चार वर्षांनी टीईटी, टेट या शिक्षक व्हायच्या परीक्षा देऊन शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरनं यातलंच कुणीतरी तुमच्या नाहीतर तुमच्या शेजारच्या शाळेत कायम शिक्षक म्हणून उभं राहणार आहे. त्याला आत्ता कुणी धड शिकवलं नाही तर तेव्हा तुमच्याच वर्गात तो शिकत बसेल, आणि तेव्हा पोरांचं वर्ष जाईल.

आता मिळून करायचं म्हणजे नेमकं काय ते सांगते. विजापूर रोड ते होटगी रोड या पट्ट्यात रिक्षाने दहा मिनिटांवर किती माध्यमिक शाळा आहेत बघा, चार-पाच सहज निघतील. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की एखाद्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, या सगळ्या मुख्याध्यापकांनी आणि दोन्ही कॉलेजांच्या इंटर्नशिप बघणाऱ्या प्राध्यापकांनी एकत्र बसायचं. कुठल्याही शाळेच्या स्टाफरूममध्ये बसा, चहा-पोहे करा, दोन तास पुरतात. आणि त्या बैठकीत 'तुम्ही किती घेता, आम्ही किती घेतो' इथनं सुरुवात करू नका. सुरुवात करा ती आपल्याकडं गणिताला मनापासून वेळ देईल असं कोण आहे, विज्ञानाला कोण, इंग्रजीला कोण, इतिहास-भूगोलाला कोण, इथनं. शिकवणारे आधी मोजायचे, शिकणारे नंतर. एखाद्या शाळेत मराठीच्या दोन उत्तम बाई आहेत पण विज्ञानाला सध्या जागाच रिकामी आहे तर त्या शाळेत विज्ञानाचा छात्राध्यापक पाठवूनच काय उपयोग, तो बिचारा त्या रिकाम्या जागेवर लावला जाणार हे ठरलेलंच! पाच शाळा एकत्र आल्या की असं होत नाही, कारण विज्ञानाचे दोघं शेजारच्या शाळेत जातात आणि मराठीचे तिघं इकडं येतात.

दुसरं काम कॅलेंडरचं. दुसऱ्या वर्षाला १६ आठवडे इंटर्नशिप आहे, पहिल्या वर्षाला ४, असे एकूण २० आठवडे. ते १६ आठवडे आपल्या सोलापूरच्या वर्षात बसवून बघा म्हणजे कळेल. नवरात्र आणि कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणारी गर्दी, मग सत्र परीक्षा, मग दिवाळी, जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा म्हणजे गड्डा, त्याला लागूनच दहावीच्या प्रिलिम, मग बोर्ड. त्यात बीएडचे प्रवेश लांबले की कॉलेजचं वेळापत्रक सरकतं आणि छात्राध्यापक नेमके परीक्षेच्या धामधुमीत येऊन पडतात, मग त्यांना सुपरविजन आणि पेपरांचे गठ्ठे बांधण्यापलीकडं काही मिळत नाही. पाच शाळांनी जूनमध्येच एका कागदावर तारखा मांडून कॉलेजला दिल्या तर कॉलेज त्या धरून चालतं. एकट्या शाळेचं ऐकतीलच असं नाही, पाचांचं ऐकावं लागतं.

तिसरं, पाचही शाळांचा मिळून एक समन्वयक शिक्षक ठेवा, दरवर्षी शाळा बदला म्हणजे एकावर भार पडत नाही. आणि ठरलेलं सगळं एका पानावर लिहून त्यावर सह्या घ्या, एक प्रत जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडं द्या. एवढं केलं की पुढच्या वर्षी कुणाला नव्याने सांगायला लागत नाही. बसायच्या जागेचं म्हणाल तर लायब्ररीतलं एक टेबल आणि एक कपाटाचा खण द्या, तेवढं पुरतं, पण ते पहिल्याच दिवशी दाखवा आणि सगळ्या स्टाफची ओळख करून द्या. पोरांसमोर त्यांना 'सर', 'मॅडम' म्हणायचं, 'ए बीएडवाले' नाही.

प्रश्न : मॅडम, मी मोहोळहून येऊन-जाऊन करते, बीएड सेकंड इयर. शहरातल्या एका शाळेत इंटर्नशिप चालू आहे. रोज सकाळी गेल्या गेल्या ऑफ तासांची (गैरहजर शिक्षकांच्या तासांची) चिठ्ठी हातात देतात. माझी मेथड (शिकवायचे विषय) गणित आणि विज्ञान पण मला चित्रकला, पीटी, हिंदी सगळ्यावर पाठवायलेत. पाठ घेतला तरी बघायला कुणी येत नाही, शेवटी सर वहीवर सही करून देतात. मी काही शिकतच नाही असं वाटायलंय. कुणाला सांगू?
(छात्राध्यापिका)

बाळा, तुझं वाटणं शंभर टक्के बरोबर आहे, आणि हे फक्त तुझ्या शाळेत नाही, खूप ठिकाणी चालतं. ऑफ तास घ्यायला हरकत नाही, आठवड्यात दोन-तीन घेतलेस तर अनोळखी वर्ग सांभाळायची सवय होते. पण दिवसभर तेच असेल तर ती इंटर्नशिप नाही, ती फुकटातली बदली शिक्षकी आहे. नियमात तर पहिला एक आठवडा नियमित शिक्षकांचे वर्ग नुसते बघण्यासाठी ठेवलाय, तो तुला मिळाला का? बहुतेक नाही.

आता काय कर. उद्या मुख्याध्यापकांकडं जाऊ नकोस, आधी तुझ्या विषयाच्या सरांकडं जा. त्यांना म्हण, 'सर, या आठवड्यात माझा एकच पाठ तुम्ही मागं बसून पूर्ण बघाल का, आणि मधल्या सुट्टीत दहा मिनिटं बोलाल का?' एकच पाठ माग. पाठ टाचण, म्हणजे तासाचा लेखी आराखडा, आदल्या दिवशी त्यांच्या हातात दे. बहुतेक शिक्षक एवढ्याला नाही म्हणत नाहीत, त्यांनाही आजवर कुणी असं विचारलेलं नसतं. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर कॉलेजच्या तुझ्या मार्गदर्शक प्राध्यापकांना लेखी कळव, कुठल्या दिवशी कुठले तास दिले त्याची यादी जोडून. तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून.

मागं बसून पाठ बघण्याने काय होतं ते एक उदाहरण देऊन सांगते, कारण वाचकांपैकी मेंटॉर (छात्राध्यापकांचे शाळेतले मार्गदर्शक) असलेल्यांनाही ते कामाला येईल. आमच्या शाळेत आठवीच्या वर्गावर एका छात्राध्यापिकेचा गणिताचा पाठ होता, अपूर्णांक असलेली एका चलाची समीकरणं. फळ्यावरचं अक्षर सुरेख, आवाज खणखणीत, प्रत्येक पायरीनंतर 'समजलं का?' आणि सगळा वर्ग एका सुरात 'होऽऽ'. तिला वाटलं पाठ झकास झाला. मागं बसलेल्या आमच्या गणिताच्या बाईंनी काय केलं होतं, एका कोऱ्या कागदावर बाकांचा नकाशा काढून जिथनं उत्तर आलं त्या बाकावर एकेक टिंब देत गेल्या. तास संपल्यावर तो कागद तिच्यासमोर ठेवला, बाकी काही बोलल्या नाहीत. खिडकीकडच्या पहिल्या दोन बाकांवर टिंबच टिंब आणि मागची अख्खी बाजू कोरी! मग बाईंनी तिला मागच्या एका मुलीची वही आणून दाखवली, त्यात तारीख, घटकाचं नाव आणि पहिलं समीकरण, त्याखाली छेद काढून टाकताना फक्त डाव्या बाजूला गुणलेलं आणि तिथंच सोडून दिलेलं. म्हणजे अडलं कुठं तेही कळलं. दुसऱ्या दिवशी त्या छात्राध्यापिकेने 'समजलं का' विचारायचं बंद केलं, एक समीकरण फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांनी वहीत एकच पायरी करा म्हणून बाकांमधनं फिरत राहिली. पुस्तकात वाचून हे येत नाही. कुणीतरी मागं बसायला लागतं, आणि नंतर शेजारी बसायला लागतं.

प्रश्न : माझी मुलगी दहावीला आहे. शाळेत दिवाळीपासून बीएडवालेच शिकवायलेत असं ती म्हणते. आम्ही फी भरतो, पोरीचं बोर्ड आहे, शिकाऊ लोकांच्या हातात वर्ग देणं कितपत बरोबर?
(पालक, सम्राट चौक)

तुमची काळजी बरोबर आहे आणि शाळेत जाऊन विचारायचा तुम्हाला हक्कही आहे. माझं स्पष्ट मत, दहावीचा वर्ग छात्राध्यापकाच्या एकट्याच्या हातात देऊ नये. आठवी-नववीला जास्त पाठ द्यावेत, दहावीला द्यायचेच तर उजळणीचे, सराव प्रश्नांचे, आणि विषयशिक्षक वर्गात हजर असताना. शाळेत जाऊन एवढंच विचारा की छात्राध्यापक शिकवतो तेव्हा आमच्या विषयाच्या सर-मॅडम वर्गात असतात का. 'असतात' म्हणाले तर निश्चिंत राहा, उलट एका वर्गात दोन मोठी माणसं असणं पोरांच्या फायद्याचंच आहे, एक जण फळ्यावर असताना दुसरा अडलेल्या पोराजवळ जाऊन बसू शकतो. 'नसतात' म्हणाले तर पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हा विषय घ्या.

शाळांनाही सांगणं आहे. पालकांना आधी कळवा ना! तारीख अमुक ते तमुक छात्राध्यापक येतील, हे-हे वर्ग घेतील, जबाबदारी विषयशिक्षकांचीच राहील, असं चार ओळींचं पत्र किंवा वर्गाच्या ग्रुपवर मेसेज टाकला तर निम्म्या तक्रारी येणारच नाहीत.

प्रश्न : मी पूर्व भागातल्या एका शाळेत मराठी शिकवतो. आमच्याकडं बरीच मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही उर्दू. येणारे छात्राध्यापक बहुतेक तालुक्यातनं आलेले, त्यांना हे माहीतच नसतं, पहिल्या दिवशीच 'या पोरांना मराठी येत नाही' म्हणून मोकळे होतात. ह्यांना कसं तयार करायचं?
(शिक्षक)

सर, तुमचा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला. सोलापूरच्या शाळेत शिकवायचं तर हे आलंच पाहिजे. एकाच गल्लीत चार भाषा आहेत, आजी-आजोबा कापडाच्या मागावर नाहीतर विडीच्या कामावर राबलेले, घरात तेलुगू, रस्त्यावर हिंदी, शाळेत मराठी. अशा पोराला मराठी येत नाही हे म्हणणं चूक आहे, त्याला ऐकून बरंच कळतं, बोलायला तो बिचकतो, लिहिताना लिंग आणि विभक्तीला अडखळतो, कारण त्याच्या घरच्या भाषेची घडण वेगळी आहे. म्हणजे 'माझा पुस्तक' लिहिलं म्हणून मूल ढ होत नाही. हा फरक छात्राध्यापकाला पहिल्या आठवड्यात, शिकवायला लागायच्या आधी, तुम्हीच दाखवू शकता. तीन पोरांच्या निबंधाच्या वह्या त्याच्यासमोर ठेवा आणि चुका मोजू नकोस, कुठल्या प्रकारची चूक परत परत येते ते शोध म्हणून सांगा. एक तास त्याचा त्यात जाईल पण वर्षभर पुरेल.

आणि इथंच शाळांनी एकत्र यायचा खरा फायदा आहे. मोहोळ, करमाळ्याकडनं आलेल्या मुलीने १६ आठवड्यांतले दहा एका शाळेत आणि सहा दुसऱ्या, वेगळ्या वस्तीतल्या किंवा वेगळ्या माध्यमाच्या शाळेत काढले तर? विद्यापीठाच्या इंटर्नशिप हँडबुकात कसं बसतं ते कॉलेजकडनं आधी बघून घ्यायचं, पण शाळांची तयारी असेल तर वाट निघते. अगदीच नाही जमलं तर आठवडाभर तरी अदलाबदल करा. रेल्वे लाइन्स भागातल्या इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसलेला आणि अक्कलकोट रोडला एमआयडीसीजवळच्या वर्गात बसलेला माणूस वेगळाच शिक्षक होतो, त्याला एकाच साच्यातनं सगळी पोरं काढायची सवय लागत नाही. तुम्ही स्वतः तेलुगू थोडं बोलत असाल तर दोन-चार शब्द छात्राध्यापकालाही शिकवा, पोरं किती खुलतात बघा.

प्रश्न : आम्ही बीएड कॉलेजवाले दरवर्षी शाळांच्या दारात हात जोडून उभे राहतो. काही शाळा प्रिंटर द्या, वॉटर कूलर द्या म्हणतात, काही ठिकाणी मुख्याध्यापक भेटायलाच तयार नसतात. कॉलेज आणि शाळा यांच्यात काही नातंच राहिलेलं नाही. हे बदलणार कसं?
(सहायक प्राध्यापक)

सर, हे दुखणं आजचं नाही. कोठारी आयोगाच्या १९६६ च्या अहवालात शिक्षक-प्रशिक्षणाचं जे प्रकरण आहे त्यात हेच लिहिलंय की प्रशिक्षण महाविद्यालयं एकाकी पडलीत, विद्यापीठापासून तुटली, शाळांपासून तुटली आणि एकमेकांपासूनही तुटली. उपायही तिथंच दिलेत. सरावासाठी ज्या शाळा घेतल्या जातात त्यांना शिक्षण खात्याने सहयोगी शाळा म्हणून मान्यता द्यावी, साहित्यासाठी आणि देखरेखीसाठी वेगळं अनुदान द्यावं, आणि कॉलेजचे प्राध्यापक आणि शाळेचे शिक्षक यांची अधूनमधून अदलाबदल करावी. साठ वर्षं होत आली. पुढे २०१२ मध्ये न्या. जे. एस. वर्मा यांच्या आयोगाने शिक्षक-शिक्षणावर अहवाल दिला, तो आयोग तर आपल्या महाराष्ट्रातल्या डीएड कॉलेजांच्या मान्यतेच्या कोर्टकेसमधनंच नेमला गेला होता. त्यानंतर बीएड दोन वर्षांचं झालं, इंटर्नशिप २० आठवड्यांची झाली. आठवडे वाढले, पण शाळेला काय मिळणार हा प्रश्न होता तिथंच राहिला.

शाळेने वस्तू मागणं मला पटत नाही, अजिबात नाही. पण शाळेने काहीतरी मिळावं अशी अपेक्षा करणं चुकीचं नाही, आणि तुमच्याकडं द्यायला वॉटर कूलरपेक्षा चांगल्या गोष्टी आहेत. तुमची लायब्ररी त्या पाच शाळांच्या शिक्षकांना खुली करा. महिन्यातनं एकदा तुम्ही स्वतः शाळेत येऊन नववीचा एक तास घ्या आणि शाळेच्या शिक्षकांना मागं बसू द्या, तुमच्याबद्दलचा आदर एका तासात वाढेल. शाळेतल्या अनुभवी शिक्षकाला कॉलेजवर बोलवून पाठ टाचणाचं एक सत्र त्याच्या हातात द्या, मानधन थोडं द्या पण सन्मानाने द्या. आणि छात्राध्यापक सोडून निघून जाऊ नका हो, आठवड्याला एकदा तरी या. शाळांची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे की पहिल्या दिवशी नमस्कार करून गेलेले प्राध्यापक थेट मार्कांच्या दिवशी दिसतात.

प्रश्न : माझी भाची इंग्लंडमध्ये शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतेय. ती सांगते की तिचा बहुतेक वेळ शाळेतच जातो आणि शाळाच मिळून ट्रेनिंग चालवतात. तिकडं नेमकं कसं असतं?
(वाचक, होटगी रोड)

थोडक्यात सांगते. तिकडं ऑक्सफर्ड विद्यापीठाने १९८७ मध्ये आसपासच्या माध्यमिक शाळांबरोबर मिळून एक योजना सुरू केली, त्यात प्रशिक्षणार्थी वर्षातला मोठा काळ एकाच शाळेत काढायचे, त्या शाळेचाच भाग होऊन, आणि विषयाचा एक शिक्षक त्यांचा मार्गदर्शक असायचा. मग १९९२ मध्ये सरकारनेच परिपत्रक काढलं की माध्यमिकच्या ३६ आठवड्यांच्या कोर्समधले २४ आठवडे शाळेत गेले पाहिजेत. त्याच्या पुढच्याच वर्षी शाळांच्या गटांनी स्वतः प्रशिक्षण चालवायची सोय झाली, तुमची भाची बहुधा अशाच एखाद्या गटात असेल. आज तिथं किमान १२० दिवस शाळेत आणि तेही कमीत कमी दोन शाळांमध्ये काढायचा नियम आहे.

तिथली परिस्थिती वेगळी, वर्गात तीसच्या आसपास पोरं, इथं साठ-सत्तर. सगळं उचलून आणता येणार नाही. पण दोन शाळांचा अनुभव आणि ठरलेला मार्गदर्शक या गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. छात्राध्यापकांना जोडीने ठेवायलाही पैसा लागत नाही, एक शिकवतो तेव्हा दुसरा बघतो, संध्याकाळी एसटीत बसून दोघं त्याच तासावर बोलतात. एकटं पडलेलं पोर बोलत नाही, आतल्या आत घाबरतं.

प्रश्न : आमचं कॉलेज म्हणतं शाळेत जायची गरज नाही, अमुक रक्कम भरा, शाळेचा दाखला आम्ही आणून देतो. मी खाजगी नोकरी करतो, मला सोयीचं आहे. काही अडचण येईल का?

पैसे भरू नका. खोटा दाखला तो खोटाच, उद्या कागदपत्रांच्या पडताळणीत किंवा कुणाच्या तक्रारीवरनं बाहेर आला तर पदवी आणि नोकरी दोन्ही जातील. आणि त्याहून मोठी गोष्ट, ज्या दिवशी साठ पोरांसमोर पहिल्यांदा एकटे उभे राहाल तेव्हा तो कागद काही कामाचा नाही, त्या पोरांनी काय पाप केलंय? नोकरी सोडणं शक्य नसेल तर कोर्स पुढं ढकला.

प्रश्न : छात्राध्यापक वर्गातले फोटो, व्हिडिओ काढून स्टेटसला आणि रील्सला टाकतात. थांबवावं का?
(पर्यवेक्षक)

लगेच थांबवा. फाइलसाठी फोटो लागत असेल तर मुख्याध्यापकांच्या परवानगीने, फळा आणि शैक्षणिक साधन दिसेल असा काढायचा, मुलांचे चेहरे नाहीत. सोशल मीडियावर काहीही नाही. हे त्या एका पानाच्या करारात लिहूनच टाका. आणि त्यातच हेही लिहा की मुलांना मारणं, टाकून बोलणं चालणार नाही. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, ती छात्राध्यापकालाही आहे आणि त्याला 'एक ठेवून द्या की ओ' असं सांगणाऱ्या जुन्या शिक्षकालाही आहे.

प्रश्न : माझी अठ्ठावीस वर्षं सर्व्हिस झाली. यंदा मला तीन छात्राध्यापकांचा मेंटॉर केलंय. तास एकही कमी नाही, पैसा एक नाही, वर ऑनलाइन माहिती भरायचं काम आहेच. खरं सांगू का, मी सह्या करून मोकळा होतो. चुकतंय का माझं?
(विज्ञान शिक्षक)

सर, तुम्ही खरं लिहिलंत म्हणून मीही खरंच लिहिते. सह्या करून मोकळं होणं चुकतंय. पण ती चूक एकट्या तुमची नाही, तुम्हाला वेळच न देता मेंटॉर नेमणाऱ्याची आधी आहे. मुख्याध्यापकांकडं जाऊन एकच मागा, आठवड्यातनं दोन तास माझ्या वेळापत्रकात मोकळे म्हणून लाल पेनने लिहा आणि त्यावर ऑफ तास लावू नका. हे अशक्य नाही. तीन छात्राध्यापक आठवड्यात तुमचे काही तास घेणारच आहेत. त्यातल्या काही तासांना तुम्ही मागं बसायचं, आणि हे दोन मोकळे तास त्यांच्याशी बोलायला ठेवायचे. तीन जण झेपत नसतील तर दोनच घ्या, तिसऱ्याला शेजारच्या शाळेत पाठवता येईल, गट करायचा तो याचसाठी.

आणि का करायचं म्हणाल तर, अठ्ठावीस वर्षांत तुम्हाला जे कळलंय ते कुठल्याही पुस्तकात नाही. लिटमसचा प्रयोग मागच्या बाकाला दिसत नाही म्हणून परीक्षानळी कुठं धरायची, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला आवाज न चढवता वर्ग कसा जागा ठेवायचा, कुठलं पोर उपाशी आलंय ते हजेरी घेताना कसं ओळखायचं. मागावर नवीन माणूस आला की त्याला जुन्या कारागिराच्या शेजारी उभं करतात, तुटलेला धागा हाताने कसा जोडायचा ते तो बघून शिकतो. तुम्ही रिटायर झालात की हे सगळं तुमच्याबरोबर जाईल, त्या तिघांपैकी एकानं जरी उचललं तरी तुमच्या नंतर पंचवीस-तीस वर्षं ते वर्गात राहील. मला ही गोष्ट पगारापेक्षा मोठी वाटते, आणि तरीही मानधन मिळालंच पाहिजे असंही वाटतं, तुमच्या संघटनेने ती मागणी लावून धरावी.

प्रश्न : आमची शाळा मंगळवेढा तालुक्यात गावात आहे. छात्राध्यापक शहरातच राहतात, आमच्याकडं कुणी येतच नाही. आमच्यासारख्यांनी या गटात कसं यायचं?
(मुख्याध्यापक)

सर, तुम्ही शहराच्या गटात येऊ नका, तुमचा वेगळा करा. शेजारच्या गावांतल्या तीन-चार हायस्कूलशी बोला, त्यात एखादी तालुक्याच्या गावातली घ्या. मग कॉलेजला यादी मागा की तुमच्या पट्ट्यात राहणारे छात्राध्यापक किती आहेत. निघतातच चार-सहा, रोज शहरात जाऊन-येऊन दमणारी. त्यांना घराजवळची शाळा हवीच असते, फक्त कॉलेजला ते सुचलेलं नसतं. एक अट मात्र घाला, ज्या शाळेत पोर स्वतः शिकलं त्याच शाळेत त्याला पाठवू नका, तिथं त्याचे जुने सर त्याला विद्यार्थीच समजतात आणि तोही खाली मान घालून बसतो. दुसऱ्या गावच्या शाळेत पाठवा. एसटीच्या वेळा बघून पहिला तास कुणाला द्यायचा ते ठरवा, आणि प्राध्यापकांना महिन्यातनं एकदा प्रत्यक्ष आणि बाकी वेळा फोनवर बोलायला सांगा. पत्राचा नमुना हवा असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा, मी पाठवते.